आत्ममणी आणि त्याचे मोल

कथा पुस्तकातून पडद्यावर जाते तेव्हा तिच्यातील माणसे बदलतात, हे कोणाच्याही लक्षात येते. नायक उंच होतो, नायिका गाऊ लागते, खलनायकाला एखादे जुने दुःख चिकटविले जाते. कथेतील वस्तूही बदलतात. पण त्या बदलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. येथे वस्तू म्हणजे अंगठी, कवच, मणी, यंत्र, ज्यात माणसाच्या आवाक्यापलीकडचे सामर्थ्य साठविलेले आहे अशी वस्तू आम्हांस अभिप्रेत आहे. अशा वस्तूच्या पोटात कथाकार आपला नीतिविचार, कित्येकदा नकळत, ठेवून देत असतो. ती कोणाला सापडते, कशी मिळते, वापरणाऱ्याकडून काय घेते, हे नियम बदलले की कथेतला न्यायही बदलतो.

अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाच्या चित्रकथांत असे सहा मणी आहेत. धर्मगुरूने असल्या विषयात शिरावे काय, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, बोईसरच्या कामगार वसाहतींतील आणि पालघरच्या चाळींतील मुलांना या सहा मण्यांची नावे पाठ आहेत. दहा आज्ञा तितक्याच पाठ आहेत असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. २०१८ साली ‘इन्फिनिटी वॉर’ आणि २०१९ साली ‘एंडगेम’ असे दोन चित्रपट आले. ते हिंदीतही आले आणि गावोगाव पाहिले गेले. जे मुलांच्या मनात एवढे घर करून बसले आहे ते उपदेशकाने न पाहिलेलेच बरे, हे मत आम्हांस मान्य नाही.

मण्यांचा इतिहास थोडक्यात असा. त्यांतील आत्ममणी प्रथम १९७२ साली एका चित्रकथेत दिसला. पुढे जिम स्टार्लिन या लेखक-चित्रकाराने थॅनॉस नावाचा एक महाबली खलपुरुष निर्माण केला आणि १९९१ सालच्या मालिकेत सहाही मणी त्याच्या हातमोज्यात बसविले. काळ, अवकाश, मन, वास्तव, सामर्थ्य आणि आत्मा या सहांवर सत्ता आल्यावर थॅनॉस एक चुटकी वाजवितो आणि विश्वातील निम्मे जीव नाहीसे होतात. मूळ कथेत हे कृत्य तो प्रेमापोटी करतो. मृत्यू तेथे स्त्रीरूपाने वावरते. तिची मर्जी संपादन करण्यासाठी हा नजराणा असतो आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चित्रपटात मृत्युदेवता नाही. तेथे थॅनॉस अर्थशास्त्र्यासारखा बोलतो: खाणारी तोंडे फार आणि साधने थोडी, तेव्हा निम्मे गेले तर उरलेले सुखाने जगतील. माल्थस या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली लोकसंख्येविषयी जी भीती मांडली, तिचेच हे विश्वव्यापी रूप आहे. मण्यांचे रंगही चित्रपटवाल्यांनी बदलले. मूळचा हिरवा आत्ममणी पडद्यावर नारिंगी झाला आणि नंतर चित्रकथांनीही मुकाट्याने पडद्याचे रंग स्वीकारले. रंगांची गोष्ट किरकोळ आहे. मण्यांच्या किमतीची तशी नाही.

मूळ कथेत थॅनॉस मणी मिळवितो ते बळाने आणि कपटाने. ते एकदा हाती आले की वापरण्याचे काही मोल पडत नाही. चुटकी वाजविणाऱ्याच्या हाताला चटकासुद्धा बसत नाही. चित्रपटांत मात्र मणी वापरणारा जळतो. थॅनॉसची अर्धी काया होरपळते, एकाचा हात निकामी होतो, एक नायक प्राणासच मुकतो. आणि आत्ममण्यासाठी तर आधीच किंमत मोजावी लागते. व्होर्मिर नावाच्या ओसाड ग्रहावर एक कडा आहे. ज्याला मणी हवा त्याने आपल्या प्रेमाच्या माणसाचा प्राण तेथे द्यावा, तेव्हाच मणी हाती येतो. ही अट मूळ चित्रकथांत नाही. ती पटकथाकारांनी घातली.

असे फेरफार नवे नाहीत. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. भूकंपाने जमीन दुभंगते, आत एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी सापडते, तिचा खडा आत वळविला की माणूस अदृश्य होतो. मेंढपाळ राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. हेरोडोटसने गायजीस राजाची जी हकिकत दिली आहे तीत अंगठीच नाही. तेथे गायजीस राजाचा शरीररक्षक आहे, आणि तो दाराआड लपतो तोही राजाच्याच हट्टामुळे. प्लेटोच्या कथेत दाराच्या जागी अंगठी येते आणि दरबारातील एका कारस्थानाचा नीतिशास्त्रातील प्रश्न होतो: पकडले जाण्याचे भय नसेल तर कोण न्यायी राहील? एक वस्तू कथेत शिरल्याने एवढे घडू शकते.

उलट दिशेचे उदाहरण एच. जी. वेल्सच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’चे. १८९७ च्या कादंबरीतील ग्रिफिन अदृश्य होण्यापूर्वीच स्वतःच्या बापाचे पैसे चोरतो. ते पैसे दुसऱ्याचे असतात आणि बाप त्यापायी स्वतःला गोळी घालून घेतो. म्हणजे दुष्टपणा आधीचा, अदृश्यता नंतरची. १९३३ च्या चित्रपटात ‘मोनोकेन’ नावाचे एक औषध आणले गेले. ते घेतल्याने म्हणे माणसाचे डोके फिरते. दोष माणसावरून काढून बाटलीवर ठेवला गेला. हा बदल आम्हांस भेकडपणाचा वाटतो. दारूने केले, संगतीने केले, यंत्राने केले, असे सांगणारी माणसे पापनिवेदनाच्या खोलीत काही कमी येत नाहीत.

आपल्या मुंबईत १९८७ साली शेखर कपूर यांनी ‘मिस्टर इंडिया’ काढला. पटकथा सलीम-जावेद यांची होती. त्यात ग्लॉकनची अंगठी मनगटावर आली. शास्त्रज्ञ बापाने केलेले यंत्र मुलाच्या हाती पडते, आणि तो मुलगा अनाथ पोरांना सांभाळणारा एक गरीब भाडेकरू. लाल प्रकाशात तो दिसतो, एवढीच त्या यंत्राची मर्यादा. ती कथानकाच्या सोयीसाठी आहे. तिचा नीतीशी संबंध नाही. यंत्र काही मागत नाही, कारण नायकाकडे देण्यासारखे काही नाही आणि हाव तर मुळीच नाही. सज्जनाला अंगठी द्या, सगळे सुरळीत होईल, हे त्या चित्रपटाचे ग्लॉकनला उत्तर. ते भाबडे आहे, पण प्रामाणिक आहे. आणि चित्रपट आजही बघवतो, हे मान्य केले पाहिजे.

‘इन्फिनिटी वॉर’च्या पटकथाकारांनी याहून अवघड वाट धरली. सामर्थ्याला किंमत असली पाहिजे, ती वापरणाऱ्याच्या जिव्हारी लागली पाहिजे, असे त्यांना वाटले असावे. हेतू चांगला दिसतो. पण मोल लावले की एक नवा धोका उभा राहतो: ज्याने मोल दिले त्याने वस्तू कमावली, असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

थॅनॉस आपली मानलेली मुलगी गमोरा हिला घेऊन त्या कड्यावर जातो. तिच्या ग्रहावरील निम्मी माणसे मारून, तिच्या आईचाही घात करून, त्याने तिला लहानपणी उचलून आणलेले असते. अट ऐकून गमोरा हसते. तिला वाटते, हा फसला. याचे कोणावर प्रेमच नाही, तर हा देणार काय? मग तिला त्याच्या डोळ्यांत पाणी दिसते. ती स्वतःच्या पोटात सुरी खुपसू पाहते, पण मण्याच्या बळाने तो सुरीचेही बुडबुडे करून टाकतो. स्वतःचे मरण स्वतः निवडण्याची मोकळीकही तो तिला देत नाही. तो तिला ओढत नेतो आणि लोटतो. मणी त्याच्या हाती येतो. पुढे चुटकी वाजल्यावर त्याला लहानपणची गमोरा भासते. ती विचारते, याचे मोल काय पडले? आणि तो सांगतो की आपले सर्वस्व गेले.

आमच्या मनात ही जागा सलत राहिली. मोल पडले खरे; पण कोणाला? जीव गेला मुलीचा आणि खात्यावर जमा झाला बापाच्या त्यागाच्या नावे. चित्रपटगृहात त्या वेळी जे संगीत वाजते ते बापाच्या दुःखाचे असते. प्रेक्षक हळहळतात, त्यांत थॅनॉससाठी हळहळणारेही असतात. आमच्या तरुणांपैकी काहींनी आमच्याशी वादही घातला: ‘फादर, त्याचे तिच्यावर खरेच प्रेम होते, नाहीतर मणी मिळाला नसता.’ असेल. प्रेम होते हे आम्ही मान्य करतो. प्रेम होते म्हणून तो त्याग ठरतो काय, हा प्रश्न उरतो.

जुन्या करारातील अब्राहामाचा दाखला येथे अनेकांना आठवेल. पण अब्राहामाचा हात वरच्या वर धरला गेला आणि इसहाक डोंगरावरून आपल्या पायांनी खाली आला. आमच्या मते खरा जुळणारा दाखला शास्त्यांच्या पुस्तकातील इफ्ताहचा आहे. विजय मिळाला तर घरी परतताना जो प्रथम सामोरा येईल त्याचे होमार्पण करीन, असा नवस तो करतो, आणि डफ वाजवीत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. इफ्ताह कपडे फाडतो आणि मुलीलाच म्हणतो की तू मला दुःखात लोटलेस. अकराव्या अध्यायातील ही जागा वाचकांनी पुन्हा उघडून पाहावी. नवस त्याचा, जीव तिचा, आणि दुःखी मात्र तो. त्या मुलीचे नावही ग्रंथकाराने दिलेले नाही.

महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली गेलेली श्रियाळ आणि चांगुणेची कथा याच जातीची. अतिथीच्या मागणीसाठी आईबाप बाळ चिलयाला उखळात कांडतात. शेवटी शंकर प्रसन्न होऊन मूल परत देतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच परंपरेत शिबी राजाची कथा आहे. कबुतराच्या वजनाइतके मांस द्यायचे ठरते तेव्हा शिबी सुरी स्वतःच्या मांडीला लावतो. आणि दधीची ऋषी आहेत. त्यांनी स्वेच्छेने देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींतून इंद्राचे वज्र घडले. सामर्थ्यशाली वस्तूला मोल असावे, या कल्पनेचे याहून स्वच्छ रूप आम्हांस ठाऊक नाही. परमवीर चक्रावर चार वज्रे कोरलेली आहेत. ते पदक सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटले. जन्माने युरोपीय असलेली ही स्त्री एका मराठी सेनाधिकाऱ्याची पत्नी होऊन येथे आली आणि त्या चिन्हात तिने दधीचीची आठवण ठेवली.

आपली भाषा या बाबतीत पटकथाकारांपेक्षा चोख आहे. मराठीत बळी देतात, बळी घेतात आणि बळी जातात. क्रियापद बदलले की सुरी कोणाच्या हाती आहे ते कळते. व्होर्मिरच्या कड्याला ही क्रियापदे ठाऊक नाहीत. तेथे फक्त एक जीव खाली पडला पाहिजे. दान शब्दाचाही तसाच विचार करावा. जे आपले आहे तेच दान करता येते. मूल आपले असते, पण आपल्या मालकीचे नसते; षष्ठी विभक्तीच्या एकाच प्रत्ययात हे दोन्ही अर्थ राहतात, आणि कित्येक बाप, कित्येक राजे आणि कित्येक सरकारे यांनी त्या प्रत्ययाचा सोयीचा अर्थ घेतला आहे. येशूला मारावे असे कयफा सुचवितो तेव्हा त्याचा युक्तिवादही हाच होता, की सगळी प्रजा नाश पावण्यापेक्षा एकाने मरणे हिताचे. हिशेब म्हणून त्यात चूक काढणे कठीण आहे. फक्त तो एक म्हणजे कयफा नव्हता.

पटकथाकारांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढल्याच वर्षी ‘एंडगेम’मध्ये त्यांनी तोच कडा, तोच मणी, तेच मोल पुन्हा आणले. या वेळी नताशा रोमानॉफ आणि क्लिंट बार्टन हे दोन मित्र तेथे जातात. दोघांपैकी एकाने मरायचे आहे, आणि ‘मी मरतो, मी मरते’ म्हणून दोघे एकमेकांशी झगडतात. एकमेकांना पाडतात ते मागे ठेवण्यासाठी. शेवटी नताशा जाते. पात्रांच्या तोंडी काही भाष्य घातलेले नाही. तरी दोन प्रसंग शेजारी ठेवले की चित्रपटाचे उत्तर दिसते. पोलंडचे फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी आउशवित्झच्या छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी उपासमारीची शिक्षा मागून घेतली आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचा अंत झाला. तो वाचलेला कैदी १९८२ साली त्यांना संतपद मिळाले तेव्हा रोममध्ये हजर होता. बरोबर एका वर्षाने, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, आमच्या पालघरात ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. त्यांच्या स्मारकावरून आम्ही सगळे रोज जातो. त्यांना कोणी लोटले नव्हते.

पण ‘एंडगेम’च्या प्रसंगात आणखी एक माणूस आहे. त्याने कोणाला लोटले नाही, तो स्वतः पडलाही नाही. क्लिंट बार्टन पाण्यात शुद्धीवर येतो तेव्हा मणी त्याच्या मुठीत असतो. त्याला तो नको होता. निदान या मोलाने नको होता. तरी तो त्याच्याच हाती आहे आणि आता तो वापरला जाणार आहे. हा प्रसंग पाहताना आम्हांस तारापूर आठवले.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. देशातले ते पहिले. पुढे तेथेच प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि २००५ व २००६ साली त्या वीज देऊ लागल्या. या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. समुद्रावर जगणारी, वाडीवर जगणारी माणसे होती ती. त्यांना दुसरीकडे घरे देण्यात आली, त्या घरांविषयी आणि उपजीविकेविषयी तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. या सगळ्या काळात एक वाक्य वारंवार कानी येई, आणि आज वाढवणच्या बंदराविषयी बोलतानाही येते: देशासाठी कोणाला तरी त्याग करावा लागतो.

अणुशक्तीचे केंद्र म्हणजे थॅनॉसचा हातमोजा, असे आम्ही म्हणत नाही. असे लिहिणे सोपे असते आणि खोटे असते. त्या विजेवर इस्पितळे चालतात, बोईसरचे कारखाने चालतात, आमच्या देवळातील पंखेही चालतात. तेथे काम करणारे अनेक जण रविवारी आमच्याच बाकांवर बसतात. आमचा आक्षेप त्या वाक्यातील ‘त्याग’ या एका शब्दाला आहे. अक्करपट्टीच्या माणसाने त्याग केला असे म्हणायचे असेल तर त्याला विचारलेले असले पाहिजे, आणि नाही म्हणण्याची त्याला मुभा असली पाहिजे. नाही म्हणण्याची मुभा नसताना जे जाते त्याला मराठीत घेतले असे म्हणतात. घेणे कधी आवश्यकही असेल. रस्ता, धरण, वीजकेंद्र यांसाठी कोणतेही राज्य केव्हा ना केव्हा घेतेच. मग घेतले असे म्हणावे, घेणाऱ्याची ताठ मान थोडी खाली यावी, आणि मोबदल्याची बोलणी उपकाराच्या सुरात होऊ नयेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द होते. संमती हा शब्द त्या व्यवहारात नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याने तो आणला. खाजगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकार व खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्क्यांची. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी मात्र अशी अट नाही. सर्वांत प्रबळ हाताला सर्वांत कमी विचारावे लागते, अशी ही रचना आहे.

थॅनॉस निदान रडला. फायलींवरून फायली जाताना कोणी कड्यावर उभे नसते. एकाने मोजणी केलेली असते, दुसऱ्याने शिक्का मारलेला असतो, तिसऱ्याने धनादेश काढलेला असतो. आणि बटण दाबून दिवा लावणारे आपण सर्व मुठीत मणी घेऊन शुद्धीवर आलेले असतो. क्लिंट बार्टन पुढे काय करतो हे म्हणून पाहण्यासारखे आहे. तो मणी फेकून देत नाही. तसे केले तर मैत्रिणीचे मरण फुकट जाईल. तो परत येऊन साथीदारांना सांगतो की ती गेली, आणि पुन्हा सांगतो की तिला परत आणता येणार नाही. ज्यांना काम पुढे रेटायचे आहे अशा साथीदारांना हे ऐकणे जड जाते. अक्करपट्टी कोठे होती, पोफरण कोठे होते, हे आमच्या शाळांतील किती मुलांना दाखविता येईल? सहा मणी कोठून कोठून आणले हे ती न चुकता सांगतात.

चित्रपटाच्या शेवटी मणी आपापल्या जागी परत नेऊन ठेवले जातात. आत्ममणी व्होर्मिरला परत गेला, एवढे आपण समजून घ्यायचे. ते दृश्य दाखविलेले नाही. मणी परत केला तर जीव परत मिळतो काय, यावर मुले तासन् तास वाद घालतात. चित्रपटातच एक पात्र सांगते की सगळे मणी हाती असताना त्याने नताशाला परत आणण्याचा यत्न केला होता, आणि तो साधला नाही. आपल्या २०१३ च्या कायद्यातही परत करण्याविषयी एक कलम आहे, एकशे एकावे. घेतलेली जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमिपेढीला परत द्यावी, असे ते सांगते. वापरून झालेल्या जमिनीसाठी त्या कलमात शब्द नाही.